कॅमडेन यार्ड्स की ओरॅकल पार्क?

अमेरिकेत बेसबॉलचा एखादाच सामना बघणं होणार असेल आणि स्टेडियम जुन्या धाटणीचं, विटांचं हवं असेल, तर बाल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स (१९९२) आणि सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क (२०००) यांत निवड करावी लागते. मी दोन्हीकडे सामने पाहिलेत.

ओरॅकल पार्कची गंमत जागेच्या अडचणीतून आली आहे. उजवीकडे लगेच खाडी, त्यामुळे त्या बाजूची सीमा फलंदाजापासून जेमतेम ३०९ फुटांवर, आणि भिंत २४ फूट उंच. तिच्यापलीकडे पाण्यात पडणारा चेंडू पकडायला लोक कयाक (छोट्या वल्हवायच्या होड्या) घेऊन थांबतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाच्या बॅरी बॉन्ड्सने असे ३५ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, सीमेपलीकडचे फटके) मारले. तिकीट नसलेल्यांनाही भिंतीतल्या कमानींतून थोडा वेळ फुकट खेळ बघता येतो, हे तर मला फारच आवडलं.

पण खालच्या महागड्या जागांवरून ते पाणीच दिसत नाही, भिंत आड येते. पाणी बघायचं तर वरच्या मजल्यावर बसायचं, आणि संध्याकाळी तिथे खाडीवरचा वारा असा काही सुटतो! जुलै महिना, स्वेटरवर जॅकेट, तरी नऊपैकी सहाव्या इनिंगला बायको कुडकुडायला लागली. उरलेला सामना आम्ही आत आडोशाला उभं राहून टीव्हीवर पाहिला. दुपारच्या सामन्याला हा त्रास कदाचित इतका होणार नाही.

कॅमडेनला ही ओढाताण नाही. बी अँड ओ रेल्वेचं हजार फुटांहून लांब जुनं गोदाम न पाडता आराखड्यातच घेतलंय. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे डाव्या बाजूला साध्या तिकिटावर बसलं तरी ते अख्खं समोर दिसतं. गोदाम आणि मैदान यांच्यामधल्या युटॉ स्ट्रीटवर जिथे जिथे होम रन पडले, तिथे चेंडूच्या आकाराच्या पितळी खुणा जमिनीत बसवल्या आहेत. त्यावर नाव, तारीख, अंतर. गोदामावर थेट चेंडू आदळवला तो केन ग्रिफी ज्युनियरने, १९९३च्या होम रन डर्बीत, म्हणजे नुसते होम रन मारायच्या स्पर्धेत. ऑगस्टमध्ये घाम निथळतो, पण मुंबईत वाढलेल्याला तो सोसतो.

लहान मुलं बरोबर असतील तर ओरॅकल पार्कमधल्या बाटलीच्या आकाराच्या घसरगुंडीचा विचार जरूर करा. भारतातून आलेल्या आईबाबांना न्यायचं असेल, तर मी मात्र कॅमडेनचीच तिकिटं काढेन आणि गेट उघडतानाच पोहोचेन, म्हणजे युटॉ स्ट्रीटवर निवांत फिरता येईल.