वायफायचा पासवर्ड शोधायला गेले आणि 88,509 रुपये गेले

आधी आकडा सांगते. 88,509 रुपये. पहिल्यांदा 10, मग 49,999, मग 38,500. आणि हे कशापायी, तर आमच्याच घरातल्या वायफायचा पासवर्ड, जो आमच्याच घरातल्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह होऊन पडला होता. नातेवाइकांत अजून अर्ध्या लोकांना सांगितलेलं नाही, कारण पहिला प्रश्न काय येणार ते माहितीये, "अगं तू तर दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस ना?"

हो असते. एमएस-सीआयटी केलंय, टॅली येतं, गावातल्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न घरूनच भरते. त्यामुळे "अशिक्षित लोक फसतात" वगैरे ज्याला म्हणायचंय त्याने इथेच थांबावं.

झालं असं की जुना कॉम्प्युटर रडतखडत चालत होता म्हणून नवीन लॅपटॉप घेतला. लॅपटॉपला वायफाय जोडायचं तर पासवर्ड पाहिजे. राऊटर बसवायला आलेल्या पोराने कधीतरी टाकून दिला होता, जुन्या कॉम्प्युटरला आपोआप जोडलं जायचं, मग परत कोण कशाला बघतंय. राऊटरच्या खाली स्टिकर असतो हे मलापण माहितीये, त्यावरचा टाकून बघितला, चालला नाही, कारण त्या पोराने तो बदलला होता आणि पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला. जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्डच्या जागी नुसते काळे ठिपके. त्यात 3बी ची, म्हणजे दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची तारीख 20, ती उद्यावर आलेली, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी आणि पार्टी ती माझ्या नावाने ओरडणार. घाई होती. घाई नसती तर मी भाच्याला विचारलं असतं, तो ऑफिसात होता, फोन उचलला नाही.

मग मोबाईलवर आमच्या इंटरनेट कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं. सगळ्यात वर नाव बरोबर, रंग बरोबर, खाली दहा आकडी मोबाईल नंबर. भाचा आता म्हणतो मोबाईल नंबर बघूनच कळायला पाहिजे होतं. अरे बाबा, आमच्या गावात वायरमन, गॅसवाला, केबलवाला, सगळे मोबाईल नंबरवरच भेटतात, 1800 वाल्या नंबरवर आजपर्यंत कोण माणूस बोललाय? पण एक गोष्ट खरी, कंपनीचा नंबर सर्चमधून घेऊच नका, बिलावर छापलेला असतो, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असतो, तिथूनच घ्या.

पलीकडचा माणूस हिंदीत, एकदम अदबीने, मागे इतर लोकांचे फोन चालू असल्याचा आवाज. त्याने माझा ग्राहक क्रमांक विचारला नाही. हे लक्षात ठेवा, खरा कस्टमर केअरवाला आधी ग्राहक क्रमांक नाहीतर रजिस्टर्ड मोबाईल विचारतो, त्याशिवाय पुढे सरकतच नाही. ह्याने सरळ विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर समोर आहात का?" एक ॲप डाउनलोड करायला लावलं, स्क्रीन लांबून दिसते ते. त्यात जो लांब नंबर येतो तो वाचून दाखवायला लावला, अलाऊ दाबायला लावलं. असली ॲप स्वतः काही चोर नाहीत, ऑफिसातले आयटीवाले तीच वापरतात, पण रिझर्व्ह बँकेने 2019 च्या फेब्रुवारीतच एनीडेस्क ह्या असल्याच एका ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ते बँकांना कळलं असेल, आमच्यापर्यंत कोण येऊन सांगतंय. पासबुक भरायच्या मशीनवर एक कागद चिकटवायला काय जातं?

आता ज्याच्यावरून मला अजून झोप लागत नाही ते. त्याने माझ्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली, पांढऱ्या अक्षरांत एक ओळ टाईप केली, एंटर मारलं आणि भराभर माहिती आली, त्यात मध्येच "की कंटेंट" आणि त्याच्यापुढे आमचा पासवर्ड. धडधडीत. मुलाचं नाव आणि पुढे 123. मी तो कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहूनसुद्धा घेतला. म्हणजे माझं काम झालं होतं हो! पैसा गेला नव्हता, कार्ड काढलं नव्हतं, काही नाही. तेव्हा मी "थँक्यू" म्हणून फोन ठेवला असता आणि कॉम्प्युटरचं बटण बंद केलं असतं तर तो माणूस हात चोळत बसला असता आणि मी फुकटात सुटले असते. काम झाल्यावरसुद्धा हा फोन का ठेवत नाही, कुठली कंपनी गिऱ्हाईकाशी इतका वेळ गोड बोलते, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण ज्याने डोळ्यासमोर आपलं अडलेलं काम करून दिलं त्याच्यावर विश्वास बसणारच ना? त्यांचा सापळाच तो असतो, आधी खरं काम करून देतात.

मग म्हणाला, "मॅडम, बघा मला किती सहज दिसला, म्हणजे दुसऱ्या कोणालाही दिसेल." आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, विंडोजची आतली नोंदवही ती. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली खाली यादी संपेचना. म्हणे तुमच्या राऊटरमधून कोणीतरी आत शिरलंय. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या मशीनवर इतक्या दुकानांचा टॅलीचा डेटा, पार्ट्यांचे पॅन, जीएसटीचे लॉगिन. नंतर भाच्याने स्वतःच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर तेच उघडून दाखवलं, तिथेही लाल गोळे! प्रत्येक विंडोजमध्ये असतात म्हणे, एखादा प्रोग्राम वेळेवर सुरू झाला नाही तरी तिथे नोंद पडते. कोणी ती यादी दाखवून घाबरवलं तर फोन ठेवून द्या.

दुरुस्तीसाठी रजिस्ट्रेशन, फक्त 10 रुपये. लिंक उघडली, फॉर्ममध्ये डेबिट कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं, आणि तो तिकडून बघत होताच. 10 रुपये म्हटल्यावर माणूस विचार करत नाही. त्याच्या आधी "मोबाईलमधून वायफायचा सिग्नल तपासतो" म्हणून मोबाईलमध्येही तेच ॲप घ्यायला लावलं होतं. आणि वर मला काय सांगतो, "मॅडम, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही." हे ऐकून तर मी पूर्ण निर्धास्त झाले. त्याला सांगायची गरजच नव्हती, माझा मोबाईल त्याच्यासमोर उघडा होता, ओटीपीचा मेसेज माझ्याआधी तोच वाचत होता.

4 वाजून 7 मिनिटांनी 49,999 गेल्याचा मेसेज. मी ओरडले. तो म्हणे, "टेस्टिंगची रक्कम आहे, पाच मिनिटांत रिव्हर्स होईल, फोन कट केला तर अडकेल." मी कट केला. आमच्या ह्यांच्या फोनवरून 4 वाजून 12 मिनिटांनी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, कर्जासाठी ते दाबा, आमची नवीन मुदत ठेव योजना ऐका, मग गाणं. 4 वाजून 23 मिनिटांनी, मी ते गाणं ऐकत असताना, 38,500 गेले. 4 वाजून 31 मिनिटांनी कार्ड ब्लॉक झाल्याचा मेसेज आला. माझा मोबाईल टेबलावर तसाच पडलेला, नेट चालू, ते ॲप चालू. फोन कट केला म्हणजे माणूस गेला असं मला वाटलं, पण स्क्रीन कट झालीच नव्हती. तुमच्यावर वेळ आलीच तर आधी मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, राऊटरचा प्लग उपटा, आणि मग दुसऱ्याच्या फोनवरून बँक आणि 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. ह्या क्रमानेच.

1930 वर तक्रार नोंदली गेली, पोर्टलवर क्रमांकही मिळाला. त्याच्यापुढे जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बँकेत गेले. पहिल्या खिडकीवर "हे डिजिटलचं आहे, मॅनेजर साहेब बघतात", साहेब मीटिंगला. साहेब आले ते फॉर्म वाचायच्या आधीच, "मॅडम, ओटीपी बरोबर पडलाय म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय." मी म्हटलं केला नाही, चोरला. तर म्हणे सिस्टीमला तसं दिसत नाही. फॉर्मवर पोचपावतीचा शिक्का मागितला तर शिक्का दुसऱ्या मॅडमकडे, आणि त्या मॅडम रजेवर. कर्ज घेताना ह्याच शाखेत शिक्के किती पटापट पडतात! शिक्का घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही, तुम्हीही उठू नका, तारीख आणि वेळ घालून घ्या.

पोलीस ठाण्यात, "सायबरला जा." सायबरवाले, "रक्कम कमी आहे, तुमच्या ठाण्यातच होईल." 88,509 कमी? ज्याचे गेले त्याला विचारा ना. परत ठाण्यात, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा, झेरॉक्स आणा, मेसेजचे प्रिंट आणा. एक जण मला वरून खाली बघून म्हणाला, "शिकलेल्या दिसता की!" चोराला सोडून इथेही माझीच उलटतपासणी. एफआयआर नाही, नुसता अर्ज घेतला. भाच्याने फसवणुकीची कलमं, आयटी कायद्याचं 66 डी आणि न्याय संहितेचं 318, कागदावर लिहून दिली होती, ती दाखवल्यावर म्हणे, "कलमं आम्हाला शिकवता काय?"

इंटरनेट कंपनीचा खरा नंबर बिलावरून घेऊन लावला, की बाबांनो तुमच्या नावाने दुकान चालू आहे, ते बंद करा. "तो आमचा नंबर नाही मॅडम," एवढं सांगून तक्रार घेतली आणि थोड्या वेळात मेसेज, आपली समस्या सोडवण्यात आली आहे, कृपया स्टार द्या.

आता पैशाचं. त्यातले 11,240 रुपये दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी खात्यात अडवून ठेवलेत असं कळलं, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं ठाण्यात सांगितलं. तो अर्ज वकिलाकडे दिलाय. बाकीच्यासाठी भाच्याने रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काढून दिलं, ते बँकेत न्यायच्या आधी प्रत्येकाने वाचावं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवेपर्यंतचं नुकसानच ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच टाकलंय. 49,999 वर ते माझ्याशी भांडतील, भांडू देत. पण 4:12 ला फोन आणि 4:23 ला 38,500, ह्यावर कसं भांडणार? ह्यांच्या फोनच्या कॉल लॉगचा फोटो काढून ठेवलाय. बँकेचं म्हणणं काय, तर "प्रत्यक्ष अधिकाऱ्याशी बोलणं 4:29 ला झालं." म्हणजे गाणं त्यांनी लावायचं आणि गाण्याचं बिल मी भरायचं!

आणि तो पासवर्ड कसा बघायचा ते लिहूनच टाकते, म्हणजे कोणी कुठला नंबर शोधत बसणार नाही. वायफाय जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकोन येईल त्यात इंग्रजीत एनसीपीए डॉट सीपीएल टाका, एंटर. वायफायच्या चित्रावर राईट क्लिक, स्टेटस, मग वायरलेस प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, आणि खाली "शो कॅरेक्टर्स"ला टिक. ठिपक्यांच्या जागी पासवर्ड. बस, एवढंच होतं! विंडोज 11 असेल तर सेटिंगमध्ये वायफायच्या आत "मॅनेज नोन नेटवर्क्स" मध्येही सापडतो. अँड्रॉइड 10 च्या पुढचा फोन वायफायला जोडलेला असेल तर वायफाय सेटिंगमधून शेअर केलं की क्यूआर येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्डही लिहून येतो. माझा फोन तेव्हा त्याच वायफायला जोडलेला होता, हेही आता कळतंय. राऊटरचं मागचं छोटं रीसेटचं बटण मात्र उगाच दाबू नका, कंपनीचं युझरनेम वगैरे सगळं उडतं आणि परत त्यांच्याच माणसाची वाट बघत बसावं लागतं.

बँकेला लेखी तक्रार दिली की 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही. मी केलीय, कॉल लॉग आणि शिक्का मारलेला फॉर्म जोडून. बँकेतून परवा फोन आला होता, "मॅडम, आपसात मिटवू, तेवढी तक्रार मागे घ्या ना." मी विचारलं 38,500 कधी जमा करताय. म्हणे वर विचारून सांगतो.