लो-कार्ब डबा, सुदामानगर, इंदूर: 5 महिने खाऊन मग लिहितेय

मी हा डबा लावला तो वजन कमी करायला नाही, अडकलेलं वजन हलवायला. सुरुवात 84 किलोपासून, घरीच पोळी-भात-साखर बंद केली, पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरलं आणि मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. नंतर कळलं की त्यात पाणीच जास्त असतं, शरीरातल्या 1 ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या साखरेसोबत) साधारण 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं, कार्ब सोडले की आधी तेच जातं. तीन महिन्यांत 77 वर आले आणि मग सात आठवडे काटा जागचा हलेना. इंदूरमध्ये राहून सकाळचे पोहे-जलेबी सोडायची, थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडूला (तळलेल्या कंदाला) हात लावायचा नाही, आणि तरी काटा तिथंच, खरंच रडू यायचं.

डबेवाल्या ताईंनी पैशाचं बोलायच्या आधी मधल्या वेळेत काय खाता ते विचारलं. मी सांगितलं दोन मुठी शेंगदाणे, पनीर भूक लागेल तेवढं, भाजीवर तूप. कार्ब नाहीत म्हणजे मोजायची गरज नाही असं मी धरूनच चालले होते. त्यांनी शेंगदाणे वजनकाट्यावर ठेवायला लावले, 60 ग्रॅम भरले, म्हणजे जवळजवळ 340 कॅलरी नुसत्या येता-जाता. फॅटच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, कार्ब आणि प्रोटीनच्या 4, आणि शिवाय 84 किलोच्या शरीराला जेवढं लागायचं तेवढं 77 च्या शरीराला लागत नाही, हे मला इतके महिने कोणी सांगितलंच नव्हतं.

डब्यात 120 ग्रॅम पनीरची भुर्जी किंवा दोन अंडी, वाटीभर गिलकी (घोसाळी) नाहीतर मेथी-पालक, काकडीची कोशिंबीर, ताक. तेल-तूप मोजून, आणि झाकणावर प्रोटीन किती ते लिहिलेलं असतं. गिलकी इतकी सुरेख की सासूबाईंनीसुद्धा मागून खाल्ली, हिंग-जिऱ्याची फोडणी, वर थोडं ओलं खोबरं, बस. फ्लॉवरचा भात मला आवडला नाही, पाणी सुटतं. जवस-सोयाच्या पिठाची पोळी गरम असताना ठीक, गार झाली की चावता चावत नाही.

एक तक्रार केली होती. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा झुणका यायचा, आता बेसनात प्रोटीन आहे हे खरं पण 100 ग्रॅममध्ये 55-60 ग्रॅम कार्बही आहेत (आपल्याकडे शेव बेसनाची म्हणून चालते असं समजणारे खूप आहेत, नाही चालत). ताईंनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यापासून झुणक्याऐवजी भरली वांगी सुरू केली, दाण्याचं कूट अगदी बेताचं. संध्याकाळचा डबा मात्र अजून कधी कधी साडेआठला येतो, साताला जेवणाऱ्यांनी फक्त दुपारचाच लावावा.

आज 72.6 आहे. महिन्याला कधी किलो, कधी अर्धाच, पण उतरतंय.

ह्यांनाही लावायचा होता, पण ह्यांना ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू आहे, कार्ब एकदम कमी केले तर शुगर फार खाली जाऊ शकते म्हणून डॉक्टरांनी आधी डोस बदलून दिला, मग सुरू केला. घरात शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर कृपा करून आधी विचारा.

महिन्याचे 26 डबे, 4200 रुपये. रविवारी सुट्टी.