फराळाच्या ऑर्डरसाठी पेड ईमेल: ठीकठाक, पण क्लिकच बघा

नौपाड्यात आमचा घरगुती फराळाचा धंदा आहे, दिवाळीआधी वाशीच्या एका एजन्सीकडून त्यांच्या सबस्क्रायबर लिस्टवर पेड मेल सोडला. सेल्सवाला सारखा ओपन रेटच (किती जणांनी मेल उघडला तो आकडा) नाचवत होता, पण २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये प्रायव्हसी चालू असली की फोटो आधीच लोड होतात, आणि ओपन मोजतात ते फोटो लोड झाला की, म्हणजे कोणी ढुंकूनही नाही बघितलं तरी ओपन धरतात, म्हणून मी म्हटलं दादा ते राहू द्या, लिंकला यूटीएम (क्लिक कुठून आला ते सांगणारी खूण) लावा आणि क्लिक दाखवा. लावलं हं, कुरकुर करत. आधी थोड्याच लोकांना दोन सब्जेक्ट लाइन पाठवायला लावल्या, ‘दिवाळी धमाका ऑफर’ साफ झोपली आणि ‘भाजणीची चकली, ठाण्यात घरपोच’ मस्त चालली, मेलमध्ये लिंक एकच, थेट ऑर्डरच्या पानावर.

खटकलं काय, तर लिस्टमध्ये पार पुण्याचे लोक, त्यांना आम्ही डिलिव्हरी काय कपाळ देणार? आणि अनसबस्क्राइब एवढंसं, फिकट करड्या अक्षरात. जीमेलने २०२४ पासून मोठ्या प्रमाणात जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय, वैतागून लोकांनी स्पॅम दाबलं की पुढचे मेलही तिकडेच जातात. तीन स्टार. परत करेन, फक्त ठाणे-मुलुंडची लिस्ट वेगळी काढून दिली तरच.