चार कव्हरस्टॉक आणि बदलते तेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बोलिंगचा नवा बॉल घेताना बहुतेकांचे लक्ष आतल्या कोअरच्या आकृतीकडे आणि किती हुक (वळण) मिळेल याच्या दाव्याकडे असते. गेले काही महिने मी लीगमध्ये आणि सरावात चार बॉल आलटूनपालटून वापरले: सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह, पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह, युरेथेन आणि पॉलिएस्टर. चारही एकाच वजनाचे आणि माझ्याच हाताच्या मापाने ड्रिल केलेले असल्यामुळे तुलना बऱ्यापैकी निर्भेळ राहिली. लेनवर लावलेल्या तेलाशी बॉल कसा वागेल हे आधी कव्हरस्टॉकचा, म्हणजे बॉलच्या बाहेरच्या थराचा, प्रकार ठरवतो हे खरे. पण त्या कव्हरस्टॉकवर कोणत्या ग्रिटचा घासण्याचा पॅड फिरला आहे (आकडा जितका मोठा, तितका पृष्ठभाग गुळगुळीत) याचा परिणाम मला अनेकदा प्रकाराइतकाच मोठा दिसला.

फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंत (सर्वांत पुढच्या पिनपर्यंत) लेन ६० फुटांची आणि रुंदीला ३९ बोर्डांची, म्हणजे पट्ट्यांची, असते. तेल मात्र साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंतच लावलेले असते आणि पुढचा भाग कोरडा राहतो. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये (सेंटरमध्ये रोज तेल लावण्याच्या रचनेत) ते मधल्या बोर्डांवर दाट आणि कडेला विरळ असते, त्यामुळे नेम थोडा बाहेर गेला तरी बॉल वळून परत येतो आणि आत गेला तर तेलाच्या आधाराने सरळ राहतो. स्पर्धेच्या सपाट पॅटर्नमध्ये ही सवलत जवळजवळ नसते, आणि कव्हरस्टॉकचा खरा कस तिथेच लागतो. बॉलने कुठे वळावे याचा अंदाज घेण्यासाठी पॅटर्नच्या फुटांमधून ३१ वजा करण्याचा जुना आडाखा मला अजूनही उपयोगी पडतो: ४० फुटांच्या पॅटर्नवर कडेपासून नवव्या बोर्डाच्या आसपास.

सर्वाधिक वापर सॉलिड रिअ‍ॅक्टिव्हचा झाला. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. ती तेल शोषतात आणि बॉलला लेनची पकड मिळवून देतात. माझा सॉलिड बॉल २००० ग्रिटवर असताना ताज्या, दाट तेलात लवकर पकड घेत असे आणि पिनपर्यंतचा त्याचा मार्ग आधीच वाचता येत असे, जे पहिल्या गेममध्ये फार मोलाचे असते. मात्र लेनचा फाउल लाइनकडचा भाग कोरडा पडू लागला की तोच गुण अडचण बनतो: बॉल फार लवकर फिरू लागतो, पिनांपाशी पोहोचेपर्यंत त्याची ताकद संपलेली असते आणि चांगला दिसणारा फटकाही कोपऱ्यातली पिन उभी ठेवतो. तोच बॉल ४००० ग्रिटवर नेल्यावर तो काही फूट पुढे जाऊन वळू लागला, आणि त्याच बॉलने आणखी एखादा गेम निभावून नेता आला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पॅड मारून खरखरीत केलेला पृष्ठभाग खेळता खेळता आपोआप गुळगुळीत होतो, आणि पॉलिश केलेला बॉल हळूहळू खरवडला जातो. म्हणजे दोन्ही बॉल वापराने एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून पृष्ठभाग वारंवार तपासून पूर्ववत करणे ही माझ्या मते नवा बॉल घेण्याहून स्वस्त आणि अधिक खात्रीची सुधारणा आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत मात्र यूएसबीसीच्या (अमेरिकेतील बोलिंगच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार खेळ सुरू झाल्यावर पॅड वापरता येत नाही, तेव्हा हा निर्णय पहिला बॉल टाकण्याआधीच घ्यावा लागतो.

पर्ल रिअ‍ॅक्टिव्हच्या मिश्रणात अभ्रकासारखे चमकदार कण असतात, आणि पॉलिश असेल तर असा बॉल तेलावरून सहज घसरत जाऊन कोरड्या भागात तीक्ष्ण वळतो. हे वळण पाहायला आकर्षक असते आणि बहुतेक खेळाडू त्यालाच भुलतात. माझा अनुभव असा की दाट, ताज्या तेलात तो कधी वळतच नाही, तर कधी एकाच ओळीवर टाकूनही दोनदा वेगळा वळतो. दुसऱ्या-तिसऱ्या गेमपासून, फाउल लाइनकडचे तेल उडाल्यावर, तो सॉलिडच्या जागी घेतला की पुन्हा पॉकेटमध्ये (हेडपिन आणि तिच्या शेजारच्या पिनमधल्या जागेत) योग्य कोनाने शिरू लागतो. एकाच रिअ‍ॅक्टिव्ह बॉलवर भागवायचे असेल तर हायब्रिड (सॉलिड आणि पर्लचे मिश्रण) पाहावा; माझ्याकडे दोन्ही टोके असल्यामुळे मला त्याची गरज वाटली नाही.

युरेथेनबद्दल माझे मत संमिश्र आहे. तो तेल फारसा शोषत नाही, कोरड्या भागात एकदम उसळत नाही आणि त्याची कमान सौम्य, सलग असते. ३६ फुटांखालच्या छोट्या पॅटर्नवर, जिथे रिअ‍ॅक्टिव्ह बॉल आवरता आवरत नाही, तिथे त्याच्याइतका भरवशाचा दुसरा बॉल माझ्या पिशवीत नाही. पण तो न शोषलेले तेल पुढे वाहून नेतो. काही गेमनंतर वळणाच्या जागी तेल साचते आणि बॉल पॉकेटच्या अलीकडे राहू लागतो, शिवाय त्याच लेनवर रिअ‍ॅक्टिव्ह बॉल टाकणाऱ्या सोबत्यांचेही गणित बिघडते. लांब पॅटर्नवर तो बाहेर काढण्यात मला अर्थ दिसला नाही.

पॉलिएस्टर केवळ स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडण्यासाठी. तेल कसेही असो, तो सरळ जातो, विशेषतः दहाव्या पिनसाठी.

देखभालीत रिअ‍ॅक्टिव्ह बॉल सर्वांत जास्त काम मागतात. प्रत्येक फेकीनंतर कोरड्या टॉवेलने तेलाचा पट्टा पुसणे आणि खेळ संपल्यावर, बॉल अजून कोमट असतानाच, क्लीनरने स्वच्छ करणे मी सोडत नाही. एवढे करूनही काही महिन्यांनी सॉलिड बॉलची पकड स्पष्टपणे मंदावली होती. प्रो शॉपमध्ये सौम्य उष्णतेने आत मुरलेले तेल काढून २००० ग्रिटचा पृष्ठभाग नव्याने दिल्यावर तिचा बराचसा भाग परत आला, पूर्ण मात्र नाही. आता पहिल्या गेमसाठी मी त्याला १००० ग्रिटवर ठेवतो आणि दाट तेलात तो पुन्हा वेळेवर वळतो.