प्रौढ वयात बॅले शिकायचे तर: सांगलीकरांसाठी तीन पर्याय

तिशी-चाळिशीत बॅलेची ओढ लागलेल्या सांगलीकरापुढे ऑनलाइन वर्ग, पुण्यातील प्रत्यक्ष शिक्षण आणि गावातच भरतनाट्यम असे तीन मार्ग उरतात. वयाचा बाऊ करू नये. रंगमंचावर कारकीर्द घडवण्याचे वय सरले असले, तरी बारला, म्हणजे आधारासाठीच्या आडव्या दांड्याला, धरून करायचा प्राथमिक सराव निरोगी प्रौढाला जमण्यासारखा असतो.

ऑनलाइन वर्ग खिशाला परवडतो, आणि बारऐवजी स्वयंपाकघराचा ओटाही चालतो, मात्र त्यावर हात केवळ टेकवायचा, भार द्यायचा नाही. खरी अडचण पायांची आहे. बॅलेच्या पाचही मूलभूत स्थितींत पाय खुब्यापासून बाहेर वळवायचे असतात. नवशिका मात्र नुसती पावलेच वळवतो, त्यामुळे प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत वाकण्याऐवजी आत येतो, तळपायाची कमान खचते आणि काही दिवसांत गुडघा कुरकुरू लागतो. समोर ठेवलेल्या मोबाइलमधून ही चूक शिक्षकाला दर वेळी दिसेलच असे नाही. शिवाय घरातली फरशी कडक असल्याने तिच्यावर उड्या मारणे टाळलेलेच बरे.

पुण्यात शिक्षक खुब्याला हात लावून चूक जागीच सुधारतो, पण एका बाजूचा चार-पाच तासांचा प्रवास दर आठवड्याला झेपत नाही. पैसे भरण्यापूर्वी वर्ग प्रौढ नवशिक्यांचा आहे का आणि जमीन लवचीक लाकडी आहे का, हे विचारावे. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीच्या पॉइंट शूजसाठी घोट्यांची कित्येक वर्षांची तयारी लागते. ते पहिल्याच सत्रात घालायला लावणारा वर्ग सरळ टाळावा.

भरतनाट्यमच्या अरमंडीतही, म्हणजे अर्धे बसल्यासारख्या मूळ स्थितीतही, गुडघे बाहेर वळतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्तही लागते. तथापि तिथे पाऊल जमिनीवर आपटायचे असते, तर बॅलेत शरीर जमिनीपासून वर उचलल्यासारखे दिसावे लागते. ज्याला मुळात नृत्यच शिकायचे आहे, त्याने हा मार्ग निःशंक धरावा. बॅलेची तहान त्यावर भागवू पाहणे मात्र गुरूवरही अन्यायाचे ठरते.

माझ्या मते पुण्यात सलग काही दिवस राहून पाया घालून घ्यावा, नंतर घरी ऑनलाइन सराव करावा आणि अधूनमधून पुण्याला जाऊन चुका तपासून घ्याव्यात. सातारकरांना एवढा खटाटोप नको. पुणे सुमारे 110 किलोमीटरवर असल्याने त्यांनी सरळ रविवारचा वर्ग लावावा.