पिकअपला "कंपनीचे हेवी पाटे" सांगून 32 हजार उकळले, नवीन गाडी बुक करणाऱ्यांनी वाचा

आमचं काम टोमॅटोचं, नारायणगाव मार्केटवरून माळशेज उतरून कल्याणला माल, त्यामुळं गाडीचं सस्पेन्शन म्हणजे आमच्या पोटापाण्याचा विषय. जी पिकअप घ्यायची होती ती कंपनीकडूनच दोन प्रकारात येते, एक 1.3 टनाची आणि एक 1.7 टनाची. वरून सारखीच दिसते, फरक सगळा खाली. आणि हेवीत, म्हणजे 1.7 च्या गाडीत, नुसते मागचे पाटे (ॲक्सलवर बसवलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) जास्त नसतात हो, ॲक्सल, टायर, ब्रेक सगळं त्या वजनाच्या हिशोबाचं असतं.

सेल्समन म्हणाला, भाऊ हेवीला वेटिंग आहे पण याच 1.3 च्या गाडीला कंपनी फिटेड हेवी सस्पेन्शनचा ऑप्शन आहे, 32 हजार जास्त पडतील, पासिंग पण 1.7 ला होऊन येईल. कोटेशनवर "एचडी सस्पेन्शन किट" असं लिहूनही दिलं. मग काय, भरले पैसे.

आरसी हातात आली तर जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) 2960 किलो आणि रिकामी गाडी 1660, म्हणजे उरले 1300, त्यातच ड्रायव्हर-क्लीनर पण आले. 20 किलोच्या क्रेटनं धरलं तर सरळ 20 क्रेट कमी! शोरूमला फोन केला तर "सिस्टीममध्ये अपडेट होईल". असलं काही अपडेट होत नसतं, वजन कंपनी ठरवते आणि फॉर्म 21 वर, म्हणजे गाडीच्या विक्रीच्या दाखल्यावर, आधीच छापलेलं असतं.

मग पाटेवाल्या मिस्त्रीकडं गाडी नेली. तो खाली वाकला आणि हसायलाच लागला. जुन्या पाट्यांवर कंपनीचा पार्ट नंबर ठोकलेला, मधल्या दोन पाट्यांवर काहीच नाही, नुसता काळा रंग, तोही नखानं निघत होता. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवीन लांब टाकलेले, आटे नटच्या बाहेर बोटभर आलेले. गॅरेजला नेऊन दोन लोकल पाटे सरकवले, झालं किट.

खरी भीती वेगळीच निघाली. मागच्या ॲक्सलला ब्रेकच्या व्हॉल्व्हची एक दांडी असते, माल भरला की मागची बाजू दबते आणि त्या दांडीमुळं मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. आता जादा पाट्यांनी गाडी दबतच नाही, मग व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरल्या गाडीनं माळशेज उतरताना मागचे ब्रेक ढिले, कल्पना करा! वर ओव्हरलोडमध्ये सापडलो तर 20 हजार दंड आणि पुढं दर टनाला 2 हजार, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला आधी आरसीवरचं वजनच बघणार.

तर पैसे भरायच्या आधी चेसी नंबर मागा, त्यावरून कंपनीच्या कस्टमर केअरला प्रकार विचारा, आणि फॉर्म 21 वरचं जीव्हीडब्ल्यू स्वतःच्या डोळ्यानं बघा. सस्पेन्शनचे पैसे वेगळ्या पावतीवर घेत असतील तर तिथंच समजा, कारण कंपनीचा ऑप्शन असला तर तो गाडीच्या मेन बिलातच येतो. माझी पावती शोरूमच्या नावाची पण नाही, कुठल्यातरी ॲक्सेसरीजवाल्याची आहे, त्यावर जीएसटी नंबरही नाही.

1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, तक्रार नोंदवलीये. शोरूमवाले आता म्हणतात अर्धे पैसे देतो, तक्रार मागं घ्या. मी पूर्ण मागितलेत, आणि लोकल पाटे काढून सेटिंग परत कंपनीसारखी करून द्या म्हणून लेखी दिलंय.