आंघोळीची चित्रपट्टी: काही महिने वापरल्यावर

चित्रपट्टी म्हणजे आंघोळीच्या पायऱ्या क्रमानं दाखवणारी चित्रं. तयार मिळणाऱ्या पट्ट्यांत बहुतेक शॉवरच असतो. ऑटिझम असलेलं मूल बादली-तांब्यानं आंघोळ करत असेल तर त्या निरुपयोगी, म्हणून ही घरीच केली. मांडणी टीच (TEACCH, ऑटिझम असलेल्यांना चित्रांच्या आधारे शिकवण्याची) पद्धतीची: चित्रं वरून खाली, झालेलं चित्र काढून ‘संपलं’च्या डबीत.

टिकाऊपणा कापण्यावर ठरतो. आधी फोटो कापा, मग लॅमिनेट करा, चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोडा. लॅमिनेट करून फोटोच्या कडेलाच कात्री लावली की पाणी आत शिरतं, शाई पसरते. वाफेनं वेलक्रोचा गोंदही सुटतो, त्यामुळे पट्टी दाराशी, शिंतोड्यांपासून लांब. घरच्याच तांब्याचे फोटो रेखाचित्रांपेक्षा उजवे ठरले. मागे रिकामी भिंत हवी, नाहीतर लक्ष मागच्या वस्तूंवर जातं.

अडतं ते ‘साबण लाव’पाशी. एवढंच चित्र असेल तर पोटच चोळत बसणं होतं. म्हणून चार फोटो: डावा हात, उजवा हात, पोट, पाय. ‘पाणी घे’ नाही, तर तीन तांब्यांचं चित्र. बादली एकदाच भरायची, मग नळ बंद. पाणी संपलं की आंघोळ संपली, हे वेगळं सांगावं लागत नाही; इथे शॉवरपेक्षा बादली खरोखर सरस आहे.

शिकवायचं शेवटाकडून. आधीचं सगळं मोठ्यांनी करायचं, अंग पुसणं तेवढं मुलानं. ते जमलं की त्याआधीची पायरी. काम दर वेळी मुलाच्याच हातून पुरं होतं. मदत मागे उभं राहून, हाताला हात लावून, आणि तोंड बंद ठेवून. ‘आता साबण, आता पाणी’ चालू राहिलं तर मूल चित्राकडे न बघता आवाजाची वाट बघतं, आणि ही तोंडी मदत नंतर काढून घेणं सगळ्यात अवघड. पट्टी फसते ती बहुधा इथेच.

एडीएचडीत (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ती स्थिती) पट्टी निम्मंच काम करते. पायऱ्या पाठ असतात, पण कळतं पण वळत नाही. मध्येच फेसाशी खेळ सुरू. तिथे लाल चकती कमी होत जाणारा टायमर झिपच्या पिशवीत घालून समोर ठेवावा. पंधरा मिनिटं लागत असतील तर आठ लावू नयेत. नवलाई ओसरली की पट्टीकडे लक्षच जात नाही. तेव्हा फोटो बदलावेत.

गरम पाणी मिसळणं या पट्टीत घेऊ नका. काही मुलांना चटका उशिरा जाणवतो. आधी थंड, मग गरम, शेवटी हात घालून बघणं, हे स्वतंत्रपणे आणि मोठं माणूस शेजारी असतानाच शिकवा.